तापमान मोजताना या चुका टाळा: शून्य कुठे आणि अंश केवढा?

घरात कुणी आजारी असलं की आपण म्हणतो, "एकशे दोन ताप आहे." त्याच दिवशी उकाड्याबद्दल बोलताना "आज चौतीस डिग्री" म्हणतो. पहिला आकडा फॅरनहाइटचा, दुसरा सेल्सिअसचा. जिभेला दोन्हींची सवय आहे, म्हणून डोक्यात घोटाळा होतो. रत्नागिरीत दर उन्हाळ्यात मी बचत गटांतल्या बायकांना आंब्याचा जॅम शिकवते आणि दर उन्हाळ्यात त्याच चुका बघते. त्यातल्या एका चुकीने माल वाया जातो, म्हणून तिच्यापासून सुरुवात करते.

तीन वर्षांपूर्वी मे अखेरीची गोष्ट. पाऊस तोंडावर आला होता आणि रायवळचा रस संपवायचा होता. कृतीच्या कागदावर मी लिहिलं होतं, "पाणी उकळतं त्याच्यापेक्षा ५ अंश सेल्सिअस वर गेलं की उतरवा." गटातल्या एका मुलीकडे फॅरनहाइटचा थर्मामीटर होता. तिने फोनला विचारलं, ५ सेल्सिअस म्हणजे किती फॅरनहाइट? फोन म्हणाला ४१. पाणी २१२ ला उकळतं, त्यात ४१ मिळवले आणि ती २५३ ची वाट बघत ढवळत राहिली. "ताई, काटा पुढे सरकतच नाही," म्हणत ती मला बोलवायला आली तोवर तळ काळा पडला होता. आठ किलो रस, त्यातली साखर, दिवसभराची मेहनत, सगळं ओतून द्यावं लागलं. तिचा चेहरा मला अजून आठवतो.

फोनचं उत्तर चूक नव्हतं, प्रश्न चुकला होता. हवा ५ अंश सेल्सिअस असेल तर ती ४१ फॅरनहाइट असते, हे खरं. पण तापमान ५ अंश सेल्सिअसने वाढलं तर फॅरनहाइटमध्ये ते ९ अंशांनी वाढतं. बर्फ वितळण्यापासून पाणी उकळण्यापर्यंत सेल्सिअसचे १०० अंश होतात आणि फॅरनहाइटचे १८०. म्हणून सेल्सिअसचा एक अंश म्हणजे फॅरनहाइटचे १.८. सेल्सिअसला १.८ ने गुणून ३२ मिळवा, या सूत्रातले ३२ येतात ते दोन्हींचं शून्य वेगळ्या जागी आहे म्हणून. वाढ किंवा घट मोजताना शून्याचा संबंधच नाही, मग ३२ मिळवायचे कशाला? तिला २२१ हवे होते. शेगडीमागच्या भिंतीवर मी तेव्हापासून लिहून ठेवलंय: "तापमान असेल तर ३२ घ्या, फरक असेल तर ३२ विसरा."

काहीजणी विचारतात, मग सरळ १०५ का लिहीत नाही? कारण १०५ इथे समुद्राकाठी बरोबर आहे. घाट चढलात की हवेचा दाब कमी होतो आणि पाणी आधीच उकळतं. साधारण ३०० मीटरला एक अंश, असं धरा. महाबळेश्वरला ते ९५-९६ लाच उकळतं. तिथे १०५ गाठायला गेलात तर जॅमचा दगड होईल.

"दुप्पट करा आणि तीस मिळवा" हा झटपट हिशेब मला मुळीच आवडत नाही. १० अंशांना तो नेमका जमतो, ३४ ला ९३.२ ऐवजी ९८ सांगतो. हवेच्या गप्पांना चालेल. पण १०५ ला तो २४० सांगतो आणि खरे आहेत २२१. दोन मिनिटं वाचवायला बघणाऱ्यांची भांडी मी खूप घासली आहेत.

दुसरी चूक शिकलेली माणसंही करतात: "४० अंश म्हणजे २० च्या दुप्पट गरम." नाही. सेल्सिअसचं शून्य म्हणजे उष्णतेचा अभाव नव्हे, माणसाने सोयीसाठी ठोकलेली ती खुंटी आहे. १७४२ मध्ये खुद्द अँडर्स सेल्सिअसने उकळत्या पाण्याला ० आणि गोठणाऱ्याला १०० दिले होते. मोजपट्टी उलटी झाली ती त्याच्या मृत्यूनंतर. फॅरनहाइटने तर बर्फ, पाणी आणि नवसागराच्या थंडगार मिश्रणाला शून्य मानलं. निसर्गाचं खरं शून्य उणे २७३.१५ सेल्सिअसला आहे आणि केल्विन या शास्त्रीय पट्टीची मोजणी तिथून सुरू होते. अंश मात्र सेल्सिअसएवढाच. त्या पट्टीवर २० म्हणजे २९३.१५ आणि ४० म्हणजे ३१३.१५, जेमतेम सात टक्के जास्त. किती पट गरम ते सांगायचं असेल तर केल्विनमध्येच सांगा.

"डिग्री केल्विन" म्हणू नका, नुसतं केल्विन. "सेंटिग्रेड" हे नाव १९४८ सालीच बदललं. आणि पाण्याच्या ० व १०० वरून सेल्सिअसची व्याख्या होते असं अजून शिकवू नका. २०१९ पासून केल्विन बोल्ट्झमन स्थिरांकावरून (तापमान आणि कणांची ऊर्जा यांना जोडणाऱ्या ठरावीक आकड्यावरून) ठरतो आणि सेल्सिअस केल्विनवरून.

९८.६ च्या वर जरा गेलं की घाबरणाऱ्यांसाठी: हा आकडा ३७ सेल्सिअसचं रूपांतर आहे. मूळ ३७ हाच ढोबळ आकडा होता, त्यातून दशांशाची अचूकता आली कुठून? डिजिटल थर्मामीटरने ३८.९ दाखवले तर "बिघडला" म्हणून ठेवून देऊ नका, तो १०२ ताप आहे.

शेवटची चूक, नव्या थर्मामीटरवर डोळे मिटून विश्वास. हंगामाच्या पहिल्या दिवशी मी प्रत्येक थर्मामीटर आधी कुटलेल्या बर्फाच्या पाणीदार चिखलात आणि मग खळखळ उकळत्या पाण्यात धरते, भांड्याच्या तळाला न टेकवता. जो फरक दिसेल तो पट्टीवर लिहून चिकटवते. माझ्या एकावर "दीड कमी" असं लिहिलंय. त्याच्यावर १०३.५ दिसले की मी जॅम उतरवते.