मराठी पानावर फारसी-उर्दू ओळी कशा बसवाव्यात

इंदुरातील एखाद्या मराठी संगीतमंडळाला उस्ताद अमीर खाँ यांच्या तराण्यांतील फारसी शेर किंवा राहत इंदौरी यांच्या उर्दू ओळी संकेतस्थळावर मूळ लिपीत द्यायच्या असतील, तर पहिला मोह त्यांचे चित्र करून डकवण्याचा होतो. तो टाळावा, कारण चित्रातली ओळ शोधता येत नाही आणि फोनवर मोठी केली की फुटते.

मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला ठरावीक संकेतांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, आहे याची आधी खात्री करावी. इनपेज या उर्दू मजकूर जुळवण्याच्या सॉफ्टवेअरमधील जुन्या फायलींचे रूपांतर करावेच लागते. पीडीएफमधून उचललेल्या मजकुरात तर कित्येकदा मूळ अक्षरांऐवजी त्यांच्या आरंभीच्या, मधल्या व शेवटच्या रूपांचे संकेतांक आलेले असतात, त्यामुळे ओळ डोळ्यांना बरोबर दिसते, पण शोधल्यास सापडत नाही. अरबी कळफलकावरील ‘ये’ही वेगळा असतो, शब्दाच्या शेवटी त्याखाली दोन नुक्ते (ठिपके) उमटतात. तो बदलून फारसी ‘ये’ घालावा.

सर्वांत जास्त घोळ दिशेचा होतो. युनिकोडच्या नियमांत देवनागरी आकडे देवनागरी अक्षरांप्रमाणेच डावीकडून उजवीकडे जाणारे धरले जातात, म्हणून फारसी शब्दापुढे १९७४ असे देवनागरीत लिहिल्यास ते जागेवर राहते. तेच साल इंग्रजी आकड्यांत लिहिले, की ते शब्दाला ओलांडून त्याच्या डावीकडे जाऊन बसते. स्वल्पविरामाने जोडलेले दोन उर्दू शब्दही असेच उलट क्रमाने दिसतात. उपाय असा, की असा प्रत्येक शब्द किंवा तुकडा पानाच्या एचटीएमएल संहितेत स्वतंत्र स्पॅन या खुणेमध्ये ठेवून त्याच्या दिशा सांगणाऱ्या ‘डिर’ गुणधर्माला ‘आरटीएल’ (उजवीकडून डावीकडे) हे मूल्य द्यावे आणि भाषा सांगणाऱ्या ‘लँग’मध्ये फारसीसाठी ‘एफए’ किंवा उर्दूसाठी ‘यूआर’ लिहावे. संपूर्ण परिच्छेद उर्दू असेल, तर हे परिच्छेदालाच द्यावे. पानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएसने मजकूर नुसता उजवीकडे सरकवल्याने दिशा बदलत नाही आणि पूर्णविराम चुकीच्या टोकालाच राहतो.

फॉन्ट त्यानंतर निवडावा. फारसीला नस्ख, म्हणजे आडव्या सरळ ओळीतली लेखनशैली, चालते, उर्दू वाचकाला मात्र नस्तालीक ही उतरती शैलीच हवी असते. अनेक फोन उर्दूही नस्खमध्येच दाखवतात, म्हणून ‘नोटो नस्तालीक उर्दू’सारखा फॉन्ट पानाबरोबर पाठवावा. नस्तालीकमधील शब्द उजवीकडून डावीकडे खाली उतरत जातो, त्यामुळे मराठीसाठी ठेवलेल्या ओळींच्या अंतरात नुक्ते एकमेकांवर चढतात. लाइन-हाइट (ओळीची उंची) अक्षराच्या आकाराच्या दोन पट किंवा त्याहून अधिक ठेवावी. मराठी वाक्याच्या मध्येच नस्तालीक शब्द आला, की तेवढीच ओळ फाकते, म्हणून माझ्या मते शेर स्वतंत्र ओळींत द्यावा आणि वाक्यातील सुट्या शब्दाला नस्ख वापरावी. लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधले जादा अंतर) शून्यच असावे, अन्यथा जोडलेली अक्षरे तुटतात. तिरके वळणही देऊ नये.

पान लवकर उघडावे म्हणून फॉन्टमधील नको असलेली अक्षरे काढताना अक्षरे जोडणाऱ्या तक्त्यांना हात लावू नये. शेवटी उर्दू वाचणाऱ्या एखाद्या इंदूरकराला ते पान त्याच्याच फोनवर उघडून वाचायला सांगावे.