पेंग्विनच्या वसाहतींची तुलना करताय? या चुका टाळा

डिसेंबर आला की ठाणे-नवी मुंबईतल्या शाळांमध्ये सायन्स प्रोजेक्टचा सीझन, आणि कोणीतरी पेंग्विन घेतंच. विषय भारी आहे, पण कुठल्या वसाहतीला जास्त खायला मिळतं हे दाखवताना बरेच जण ठरलेल्या ठिकाणी घसरतात.

आधी एक, राणीच्या बागेत जाऊन निरीक्षणं लिहू नका. ते हम्बोल्ट पेंग्विन, मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, आणि इथे त्यांना मासे आयते मिळतात, शिकार कसली डोंबलाची!

सगळ्यात मोठी चूक म्हणजे खाणं आणायला समुद्रात मारलेली फेरी किती तासांची यावरून थेट निकाल लावणं. पनवेलहून सीएसएमटीला लटकत जाणारा माणूस घणसोलीतच नोकरी करणाऱ्यापेक्षा जास्त कमावतो की कमी, हे प्रवासाच्या वेळेवरून कळतं का? फेरी म्हणजे खर्च, कमाई बघायची तर पिल्लांचं वजन बघा.

अंटार्क्टिकातल्या रॉस बेटावर केप क्रोझियरला ॲडेली पेंग्विनच्या लाखाच्या वर जोड्या, केप रॉइड्सला जेमतेम काही हजार. मोठ्या वसाहतीत जवळपासचं खाणं लवकर संपतं, त्यामुळे क्रोझियरवाल्यांना लांब जावं लागतं. झालं, पोरं लिहून मोकळी की छोटी वसाहत सुखी. अरे पण २००० मध्ये बी-१५ नावाचा अवाढव्य हिमखंड सुटला, त्याचे तुकडे तिथेच येऊन अडकले, समुद्रावरचा बर्फ फुटेना आणि रॉइड्सवाल्यांना पाण्यापर्यंत लांबच लांब चालत जायची वेळ आली, त्याचं काय?

म्हणून एकाच वर्षाच्या आकड्यावर ग्राफ काढू नका. अंटार्क्टिकात फ्रेंचांच्या ड्यूमाँ द्युरव्हिल स्टेशनजवळ २०१३-१४ ला ॲडेलीचं एकही पिल्लू वाचलं नाही, आणि २०१६-१७ ला साधारण १८ हजार जोड्यांमागे फक्त दोन. बर्फ दूरवर पसरलेला, आईबापांना खाणं आणायला फार लांब जावं लागलं.

ग्राफ उलटाच आला तर तारखा तपासा. अंडी उबवताना एकेक फेरी कितीतरी दिवसांची असते, पिल्लू लहान असताना एक-दोन दिवसांची, कारण पिल्लाला सारखं भरवावं लागतं. हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवले की गोंधळ होणारच.

तारखा बरोबर असतील तर मासेमारी बघा. दक्षिण आफ्रिकेत सेंट क्रॉय बेटाभोवती २००९ मध्ये मासेमारी बंद केली आणि काही महिन्यांतच तिथल्या आफ्रिकन पेंग्विनची शिकारीची मेहनत साधारण ३० टक्क्यांनी कमी झाली. पेंग्विन तेच, बेटही तेच, फक्त बोटी गेल्या.