सुट्टीत मुलांसाठी खेळायचा मऊ गोळा

एक वाटी मैदा, अर्धी वाटी बारीक मीठ, एक मोठा चमचा तेल, तेवढाच लिंबाचा रस आणि एक वाटी पाणी. खायचा रंग पाण्यातच घाला. नंतर मळताना घातलात तर हात रंगतात आणि गोळ्यावर चट्टे पडतात. हळद टाळा, फरशीवरचे डाग सहज हटत नाहीत.

सगळं थंड असतानाच गुठळ्या मोडून घ्या, मग मंद आचेवर उकडीसारखं सतत ढवळा. कडा सोडून गोळा झाला की उतरवा. कोमट झाल्यावर मळा. चिकटतोय? कच्चा राहिलाय, पुन्हा दोन मिनिटं परता. भेगा पडल्या तर ओला हात फिरवा. पावसाळ्यात मीठ ओल धरतं, म्हणून घट्ट झाकणाचा डबा हवाच. मीठ भरपूर आहे. तोंडात घालणाऱ्या पिल्लांना देऊ नका.