पवन ऊर्जा किती टक्के वाढली? आकडा वाचायचा कसा

पवन ऊर्जेच्या शेअर्सची चर्चा सुरू झाली की कोणीतरी एक चार्ट टाकतो, खाली लिहिलेलं असतं "इंडस्ट्री ५० टक्क्यांनी वाढली", आणि लगेच दुसरा येऊन म्हणतो अरे वाढ तर थांबलीये. गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असू शकतात.

म्हणून सगळ्यात आधी बघायचं की वाढ कशाची. एक असते वर्षभरात नव्याने बसवलेली क्षमता, आणि दुसरी असते आजवर बसवलेली एकूण क्षमता. ग्लोबल विंड एनर्जी काउन्सिलचे, म्हणजे जीवेकचे, आकडे घ्या. २०२२ मध्ये जगात साधारण ७८ गिगावॅट (एक गिगावॅट म्हणजे हजार मेगावॅट) नवीन बसलं, २०२३ मध्ये ११७ च्या आसपास, म्हणजे झाली ५० टक्के वाढ. २०२४ मध्ये परत ११७ च. म्हणजे नवीन बसवण्याची वाढ शून्य, पण एकूण क्षमता १०२१ वरून ११३६ गिगावॅटवर गेली, म्हणजे ११ टक्क्यांच्या वर. वर्ष एकच, पण एक हेडलाइन "ठप्प" म्हणेल आणि दुसरी "जोरदार". टर्बाइन बनवणाऱ्या कंपनीचं बघायचं असेल तर पहिला आकडा धरा, कारण तिचा धंदा नवीन मशीनवर चालतो (जुन्यांच्या सर्व्हिसिंगचे पैसे येतात, पण ते वेगळं). वीज किती मिळणार हे बघायचं असेल तर दुसरा.

मग बघायचं तुलना कुठल्या वर्षाशी केलीये. त्या ५० टक्क्यांमागे २०२२ हे पडलेलं वर्ष आहे. २०२० आणि २०२१ मध्ये दोन्ही वर्षी ९० च्या वर बसलं होतं, त्यांच्याशी तुलना केली की ५० चे पंचवीसच्या आसपासच टक्के उरतात. आणि या धंद्यात असे चढउतार बहुतेक वेळा वाऱ्यामुळे नाही तर सरकारी डेडलाइनमुळे येतात. अमेरिकेत २०१२ मध्ये टॅक्स क्रेडिट, म्हणजे करसवलत, संपणार म्हणून सगळ्यांनी घाई केली, १३ गिगावॅट बसलं, आणि पुढच्या वर्षी जेमतेम १! चीनमध्ये जमिनीवरच्या प्रकल्पांच्या विजेला सरकारने ठरवून दिलेला दर २०२० अखेर बंद होणार होता, समुद्रातल्यांचा २०२१ अखेर, तिथेही तेच. आपल्याकडे २०१६-१७ मध्ये साडेपाच गिगावॅट झालं, मग ठरलेला दर जाऊन लिलाव आले आणि पुढच्या वर्षी दोनच्याही खाली. त्यामुळे एका वर्षाचा टक्का मी तरी सीरियसली घेत नाही, तीन-चार वर्षांची सरासरी काढा, चित्र लगेच शांत होतं.

आता चीन. २०२४ च्या ११७ पैकी जवळपास ८० गिगावॅट एकट्या चीनचे, उरलेल्या सगळ्या जगाचे मिळून ३७ वगैरे, आणि आदल्या वर्षी हेच चाळीसच्या थोडे वर होते. म्हणजे जगाचा आकडा सपाट दिसतो पण चीन बाजूला काढला की घट आहे. युरोपातल्या किंवा भारतातल्या कंपनीसाठी "जागतिक वाढ" हा शब्द फारसा कामाचा नाही, कारण चीनचं मार्केट मुख्यतः चिनी कंपन्यांकडेच आहे. म्हणून जागतिक आकडा दिसला की चीन वजा करून परत बघायचं, पाच मिनिटांचं काम आहे.

मोजलं कोणी हेही बघा. २०२० साठी चीन सरकारने जवळपास ७२ गिगावॅट सांगितले, जीवेकने ५२! एक ग्रिडला जोडलेली क्षमता मोजतो, दुसरा उभी राहिलेली टर्बाइन्स मोजतो, त्यामुळे एकाचं २०१९ आणि दुसऱ्याचं २०२० घेऊन टक्का काढलात तर काहीही येईल. आणि वर्ष कुठलं? भारतात कॅलेंडर २०२४ मध्ये ३.४ गिगावॅट, पण आर्थिक वर्ष २०२४-२५ मध्ये ४.१५. ऑर्डर बुक तर अजून वेगळी गोष्ट, ऑर्डर म्हणजे उभी राहिलेली पवनचक्की नाही, जमीन, ट्रान्समिशन लाइन, परवानग्या यात ती वर्षानुवर्षं अडकू शकते. जुन्या मशीन काढल्या असतील तर त्या वजा केल्यात का तेही तपासा, साताऱ्याच्या वनकुसवडे पठारासारख्या जुन्या साइट्सवर नवीन टर्बाइन बसली तरी ती सगळीच्या सगळी वाढ नसते.

टक्का घसरत चाललाय म्हणून घाबरायचंही कारण नाही. २००० मध्ये जगात सगळी मिळून १७ गिगावॅट होती, २०१० मध्ये १९८, म्हणजे दरवर्षी २७ टक्क्यांच्या आसपास. २०१४ ते २०२४ मध्ये तोच दर १२ वर आलाय, पण तेव्हा वर्षाला सरासरी १८ गिगावॅट बसायचं आणि आता ७५ च्या वर. पाया मोठा झाला की टक्का आपोआप लहान दिसतो.

राहता राहिलं गिगावॅट आणि युनिट. गिगावॅट म्हणजे वारा पूर्ण असताना जास्तीत जास्त किती, प्रत्यक्ष वीज युनिटमध्ये मोजतात. २०२४ मध्ये पवन ऊर्जेतून जगात साधारण अडीच लाख कोटी युनिट निघाले, म्हणजे सगळी टर्बाइन्स वर्षभर पूर्ण चालली असती तर जितके निघाले असते त्याचा जेमतेम चौथा हिस्सा. जगाच्या एकूण विजेत हा वाटा ८ टक्क्यांच्या आसपास. समुद्रातली टर्बाइन्स त्याच गिगावॅटमध्ये जमिनीवरच्यांपेक्षा बरीच जास्त वीज देतात, म्हणून दोघांची नुसती बेरीज फसवी. आणि कधी कधी क्षमता वाढूनही वीज कमी येते, २०२१ मध्ये ब्रिटन आणि जर्मनीत वारा कमी होता तेव्हा नेमकं तेच झालं. तेव्हा कोणी गिगावॅटची वाढ दाखवून "एवढा कोळसा वाचला" म्हणत असेल तर सरळ युनिटचा आकडा मागा.