खानदेशातलं बेचिराख गाव जुन्या नकाशावरून कसं शोधाल

महसुली दप्तरात गावाचं नाव आहे, शिवार आहे, गटनंबर आहेत, पण जागेवर घर एकही नाही. याला दप्तरात बेचिराख गाव म्हणतात. खानदेशात अशी गावं ठिकठिकाणी सापडतात. होळकरी धामधूम आणि त्यामागोमाग आलेला १८०३-०४ चा दुष्काळ यांनी हा मुलूख ओस पडला. १८१८ मध्ये इंग्रजांचा अंमल बसला तेव्हा अनेक गावठाणं उजाड होती, आणि आपल्या कामाचे नकाशे त्यानंतरचे आहेत. म्हणून जुन्या नकाशात गाव नुसतं दिसलं की ‘तेव्हा वसलेलं होतं’ असं धरू नका. शीटच्या सूचीत वसलेल्या आणि ओसाड गावाची चिन्हं वेगळी असतात. आधी सूची वाचा, मग नकाशा.

हतनूर किंवा उकाई धरणाच्या फुगवट्याखाली गेलेलं गाव हा प्रकार वेगळा. ते उठून दुसरीकडे बसलेलं असतं, त्यामुळे एकच नाव दोन ठिकाणी दिसतं. त्याचा शोध पुनर्वसनाच्या कागदांतून घ्या.

कोणता नकाशा हाती घ्यायचा

इंग्रज सर्वेक्षक रेनेलच्या १७८२ च्या हिंदुस्थानच्या नकाशापासून सुरुवात करू नका. तो बराचसा फौजांच्या वाटा आणि प्रवाशांच्या नोंदी जुळवून केलेला आहे. वाटेवरची गावं येतात, आतला मुलूख कोरा राहतो. सातपुड्याच्या बाजूचा कोरा भाग पाहून ‘वस्ती नव्हती’ म्हणणं ही नेहमीची चूक. कोरं म्हणजे कोणी मोजलं नाही, एवढंच.

कामाचे दोन नकाशे. एक, भारतीय सर्वेक्षण विभागाचं जुनं एक इंच = एक मैल शीट. दोन, भूमी अभिलेख कार्यालयातला गाव नकाशा आणि त्यामागचं टिपण, म्हणजे मोजणीची मापं लिहिलेला कागद.

शीटचा क्रमांक असा काढा. ७२° ते ७६° पूर्व आणि २०° ते २४° उत्तर हा चौकोन ४६ नंबरचा. त्याचे एकेक अंशाचे सोळा तुकडे, ए ते पी. अक्षरं डावीकडच्या उभ्या रांगेत वरून खाली चार, मग पुढची रांग. धुळे २०° ५४′ वर, ७४° च्या रांगेत, म्हणून ४६ एल. जळगाव २१° च्या जेमतेम वर, ७५° च्या रांगेत, म्हणून ४६ ओ. पण शहराच्या दक्षिणेचं शिवार ४६ पी मध्ये जातं, म्हणजे दोन्ही शीटं लागतात. मुक्ताईनगर ७६° ओलांडून पलीकडे, तिथे नंबरच बदलतो: ५५ सी. प्रत्येक अक्षराचे पुन्हा १५ मिनिटांचे सोळा भाग, त्याच उभ्या क्रमाने.

शीट मिळालं की समासातली दोन वर्षं वेगवेगळी लिहून घ्या, मोजणीचं आणि छपाईचं. नव्या आवृत्तीत रस्ता आणि रेल्वे भरलेली असते, गावं मात्र जुन्याच मोजणीची राहतात.

नकाशा आजच्या जागी बसवणे

स्कॅन ३०० डीपीआयचा करा, कागदाची घडी पूर्ण उलगडून. या दर्जावर इंच-मैल शीटचा एक पिक्सेल जमिनीवर सुमारे ५.४ मीटर भरतो. अर्ध्या मिलिमीटरची छापील रेघ म्हणजे ३२ मीटर. यापेक्षा बारीक अचूकतेचा दावा करू नका.

क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक प्रणालीत नकाशा बसवताना सर्वांत मोठा खड्डा रेखांशाचा आहे. जुन्या शीटांवरचे रेखांश मद्रास वेधशाळेचं रेखांश ८०° १७′ २१″ धरून काढलेले आहेत. ते धरणं चुकीचं होतं आणि १९०५ च्या सुमारास २′ २७″ ची वजाबाकी मान्य झाली. त्याआधीच्या शीटच्या समासात तशी टीप असू शकते, नसेलही. आकडा लहान वाटतो. खानदेशाच्या अक्षांशावर एक मिनिट रेखांश साधारण १.७३ किलोमीटर, म्हणजे कोपऱ्यातले आकडे जसेच्या तसे भरलेत तर अख्खा नकाशा सव्वाचार किलोमीटर पूर्वेला सरकतो. शोधाशोध मग शेजारच्या गावाच्या शिवारात होते.

रेखांश सुधारल्यावर उरतो गोलाभाचा, म्हणजे मोजणीसाठी धरलेल्या पृथ्वीच्या आकाराचा फरक. जुनं शीट एव्हरेस्ट गोलाभावर, फोनचा जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर. आपल्याकडे हा फरक शंभर मीटरच्या आसपास. संदर्भप्रणाली निवडताना एव्हरेस्टवरची कालियनपूर घ्या, मग मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम ४३ उत्तर मध्ये बदला.

त्यानंतर दहा-बारा ओळखीच्या खुणांवर पडताळा. लळिंगचा किल्ला, पारोळ्याचा भुईकोट, चांगदेवचं देऊळ, रेल्वेनंतरचं शीट असेल तर स्टेशनं, डोंगरमाथ्यावरचे त्रिकोणमितीचे बिंदू. तापीचा काठ, नदीतली बेटं आणि नाल्यांचे संगम खूण म्हणून घेऊ नका, ते सरकतात. खुणा नकाशाभर पसरलेल्या हव्यात. सगळ्या एका कोपऱ्यात घेतल्या तर चूक कमी दाखवते आणि उरलेला नकाशा वाकडा बसतो.

चूक कशी आहे यावरून कारण कळतं. सगळ्या खुणा एकाच दिशेला, सारख्याच सरकल्या तर रेखांश किंवा गोलाभ. कडेकडे चूक वाढत गेली तर कागद आक्रसलेला किंवा स्कॅन तिरका. एकच खूण भलतीकडे गेली तर तुम्ही चुकीचं देऊळ धरलंय. या तिसऱ्या वेळी ती खूण काढून टाका. ‘थिन प्लेट’ पद्धतीने नकाशा ताणून बसवण्याचा मोह टाळा. तिच्यात प्रत्येक खूण नेमकी बसते आणि चूक लपते.

टिपण वाचताना

जुन्या महसुली मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. एक चौरस साखळी म्हणजे एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. टिपणावर ‘१२ साखळ्या ८ आणे’ दिसलं तर ते १२.८ नाही, साडेबारा आहे: ४१२.५ फूट, म्हणजे १२५.७ मीटर. ही गफलत कॅल्क्युलेटर हातात असणारा हमखास करतो. एक आणा ६३ सेंटिमीटर धरा.

ही मोजणी सुखासुखी झालेली नाही. १८५२ मध्ये सावदा-फैजपूर भागातल्या रयतेने तिला विरोध केला होता. बांधाच्या निशाण्या जमिनीवर टिकल्या आहेत का, हे म्हणूनच प्रत्येक ठिकाणी पाहावं लागतं.

नावाचा घोळ

जुन्या इंग्रजी लिखाणात ‘यू’ हे अक्षर ‘अ’ साठी वापरत. ‘उमुलनेर’ वाचलं की अमळनेर समजा, ‘जुलगाव’ म्हणजे जळगाव. धुळ्याचं धुलिया, चोपड्याचं चोप्रा होतं. एकाच नावाची दोन गावं असतील तर बुद्रुक-खुर्द आधी पाहा. आपल्याकडे याहून उपयोगी खूण म्हणजे नावापुढचं ‘प्र.’ आणि त्यानंतरचं एखादं अक्षर. ते जुन्या प्रगण्याचं, म्हणजे परगण्याचं. प्रगणा कळला की शोध दहा-वीस गावांवर येतो.

जागेवर

कपाशी उभी असताना जाऊ नका, उंचवटा दिसत नाही. रावेर-यावलच्या केळीत तर बारमाही दिसत नाही, तिथे बांधावरून फिरावं लागतं. बरा काळ फेब्रुवारी-मार्च, रान मोकळं आणि ऊन सोसवतं.

काढलेल्या बिंदूपासून तीनशे मीटरचं वर्तुळ धरा. भोवतालची जमीन काळी आणि मध्येच राखट-पांढरी माती, तीही आजूबाजूपेक्षा हातभर उंच, म्हणजे पांढरी, जुन्या वस्तीची जागा. खापरं, भाजक्या विटांचे तुकडे, बुजलेली विहीर, शेतात एकटाच उभा मारुती यांतलं दोन-तीन मिळालं की जागा पक्की. नुसता मारुती पुरत नाही, तो शिवेवरही असतो. म्हाताऱ्या माणसाला नकाशावरचं नाव सांगू नका. ‘आठे पह्यले गाव व्हतं का?’ एवढंच विचारा आणि नाव त्याच्या तोंडून येऊ द्या. आधी नाव सांगितलं की समोरचा मानेने होकार देतो, आणि तो पुरावा नसतो.

उकरू नका, खापरं उचलू नका. पट्टी शेजारी ठेवून फोटो घ्या, अक्षांश-रेखांश दशांशात पाच अंकांपर्यंत लिहा, त्याखाली गटनंबर आणि त्या दिवशीची तारीख.