माकडतापाच्या गोचिडींचे सर्वेक्षण: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

प्राणिशास्त्र शिकून सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात येणाऱ्या बहुतेकांच्या मनात डासांचे काम असते. दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात आल्यावर मात्र गाठ गोचिडीशी पडते. शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात १९५७ मध्ये ओळखला गेलेला माकडताप, म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून होणारा विषाणूजन्य ताप, २०१६ मध्ये सिंधुदुर्गात आढळला, आणि तेव्हापासून येथे गोचिडींवर लक्ष ठेवावे लागते.

पद्धत साधी आहे. काठीला बांधलेले पांढरे फ्लॅनेल पाल्यावरून आणि झुडपांवरून संथपणे ओढायचे, थोड्या थोड्या अंतराने उलटून पाहायचे आणि चिकटलेल्या गोचिडी चिमट्याने उचलून कुपीत घालायच्या. हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा या मुख्य वाहक जातीची अप्रौढ अवस्था, म्हणजे निंफ, मोहरीच्या दाण्याहून लहान असते, आणि माणसांना लागण होते ती प्रामुख्याने तिच्याच चाव्यातून. सहा पायांची अळी की आठ पायांचा निंफ, हे भिंगाखाली लवकर जमू लागते; जाती ओळखायला मात्र सूक्ष्मदर्शकापाशी चिकाटीने बसावे लागते.

माझ्या मते नवख्याची खरी परीक्षा कुपीवरच्या चिठ्ठीत असते. ठिकाण, तारीख, अधिवास आणि कापड किती वेळ ओढले, यांची नोंद नसेल, तर नमुन्यात विषाणू सापडूनही फवारणी कोठे करायची हे सांगता येत नाही. एकही गोचीड न मिळालेल्या जागेची नोंदही तितक्याच काळजीने करावी. ती कंटाळवाणी वाटते, पण तिच्यावाचून दोन हंगामांची तुलना होत नाही. तपासणीसाठी जाणारे नमुने वाटेत थंड राहिले पाहिजेत.

मेलेले माकड हा सर्वांत महत्त्वाचा इशारा असतो, कारण माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी भोवताली पसरतात. मात्र माकडांच्या उपद्रवाने वैतागलेला बागायतदार त्याची वर्दी द्यायला सहसा धावत येत नाही (आणि त्यात त्याचा फारसा दोषही नाही). म्हणून आशाताई, वनरक्षक आणि गुराखी यांच्याशी ओळख हंगामापूर्वीच करून घ्यावी. निंफांचा जोर आणि काजू बी गोळा करण्याचे दिवस साधारण एकाच वेळी येत असल्यामुळे, डिसेंबर उजाडल्यावर ओळखी काढायला सवड उरत नाही.

स्वतःसाठी पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, विजारीची टोके मोज्यांत खोचावीत, उघड्या त्वचेला डेपा हे गोचिडींना दूर ठेवणारे तेल लावावे आणि परतल्यावर गरम पाण्याने अंघोळ करून काखा, जांघा तपासाव्यात. पुढच्या आठवडाभरात ताप व तीव्र डोकेदुखी जाणवल्यास डॉक्टरांना आपण जंगलात गेलो होतो हे आपणहून सांगावे.