जर्मनीत स्वयंसेवक म्हणून जाताय? पहिल्या पंधरा दिवसांत या चुका टाळा

बीएफडी ही जर्मन सरकारची स्वयंसेवा योजना. २०११ साली तिथली सक्तीची लष्करी सेवा थांबली आणि ही सुरू झाली. त्यात वृद्धाश्रमात काम करायला मी गेले, तेव्हा कागदपत्रांच्या तीन-तीन झेरॉक्स सोबत होत्या. तरी पहिल्या आठवड्यात अडलेच, आणि बहुतेक वेळा कारण एकच होतं: समजलं नाही तरी 'हो हो' म्हणायची आपली सवय.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी एका आजींनी पाण्याकडे बोट दाखवलं. मी पेला भरला आणि त्यांच्या हातात देणार, तेवढ्यात नर्सने माझं मनगट धरलं. अर्धांगवायूनंतर त्यांना गिळायला त्रास होत होता. साधं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं, म्हणून त्यांच्या पेल्यात पावडर घालून पाणी पाकासारखं घट्ट करायचं असतं. हे सकाळी पाळी बदलताना सांगितलं होतं आणि मी 'या, या', म्हणजे 'हो, हो', म्हटलं होतं. जर्मनमध्ये हा दुहेरी होकार 'कळलं, पुरे आता' असाही ऐकू येतो. त्यापेक्षा 'नोख माल, बिट्टे', म्हणजे 'पुन्हा एकदा सांगा', हे तीन शब्द विमानातच पाठ करा. खिशात छोटी वही ठेवा. कोणाला काय द्यायचं ते लिहून घ्या आणि लिहिलेलं नर्सला वाचून दाखवा. त्याचा कोणालाही राग येत नाही, उलट विश्वास बसतो.

औषधं देणं प्रशिक्षित माणसांचं काम आहे, आपण मदतनीस. घाईगर्दीत कोणी गोळ्यांची वाटी हातात दिली, तर 'हे मला शिकवलेलं नाही' असं स्पष्ट सांगा. नाही म्हणणं म्हणजे उर्मटपणा नव्हे.

वर मी 'आजी' लिहिलं ते मराठीत. तिथे कोणाही वृद्ध बाईला 'ओमा' म्हणू नका. आपल्याला त्यात माया वाटते, पण त्यांना ते कमीपणाचं वाटू शकतं. 'फ्राउ' (श्रीमती) किंवा 'हेर' (श्री) आणि पुढे आडनाव, सोबत 'झी', म्हणजे आपलं अहो-जाहो. सहकारी स्वतःहून 'दू' म्हणायला सांगतील तेव्हाच अरे-तुरेवर या.

आता कागदपत्रं. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेत पत्ता नोंदवावा लागतो. त्याला 'आनमेल्डुंग' म्हणतात. घरमालकाची सही असलेला राहत्या जागेचा दाखला नसेल, तर खिडकीवरून परत पाठवतात. संस्थेने खोली दिली असेल तर हा दाखला पहिल्याच दिवशी मागा आणि अपॉइंटमेंट लगेच घ्या, कारण मोठ्या शहरांत तारखा लवकर मिळत नाहीत.

आणि लेटरबॉक्सवर आपलं नाव लावा. ही चूक सगळ्यात साधी आणि सगळ्यात महाग. आपल्याकडे पोस्टमन विचारत विचारत घर शोधतो. तिथे इमारतीला क्रमांक असतो, पण फ्लॅटला बहुधा नसतो. पत्र पेटीवरच्या नावावरून टाकतात. नाव नसेल तर ते परत जातं. बँकेचं कार्ड, त्याचा पिन, आरोग्य विम्याचं कार्ड, अकरा अंकी कर क्रमांक, सगळं टपालानेच येतं. आडनाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा. कागद चिकटवला तरी चालतो.

रविवारी दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारी पोहोचणार असाल तर त्याच संध्याकाळी दूध-ब्रेड-अंडी घेऊन ठेवा. घरून पोहे, मेतकूट न्या, पण तूप आणि पेढे नेऊ नका. भारतातून प्रवासी सामानात दुग्धजन्य पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत.

बऱ्याच गावांत ट्राम-बसचं कागदी तिकीट मशीनमध्ये शिक्का मारल्याशिवाय चालत नाही. बिनशिक्क्याचं सापडलं तर ६० युरो दंड.

आजारी पडलात तर पाळी सुरू होण्याआधी फोन करा, नुसता मेसेज नको. ताप अंगावर काढून कामाला जाऊ नका, तुमचा सर्दी-खोकला तिथल्या ऐंशी वर्षांच्या माणसाला झेपणारा नसतो. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी डॉक्टर हवा असेल तर ११६११७, जिवावर बेतलं तर ११२. दोन्ही क्रमांक आजच फोनमध्ये टाका.